जपानमध्ये भाड्याची घरे दाखवताना : या कामात नव्याने आलेल्यांसाठी

टोकियोच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशी-कासाई स्थानकाच्या आसपास, सन २००० च्या सुमारास 'वायटूके'च्या, म्हणजे नवे शतक उजाडताना संगणकांत होऊ शकणारा तारखांचा घोळ टाळण्याच्या, कामासाठी आलेल्या भारतीय अभियंत्यांनी बस्तान बसवले आणि पुढे त्यांची कुटुंबेही तिथे स्थिरावली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक त्याच विभागाच्या सभेवर निवडून आले, यावरून ही वस्ती किती मुरली आहे याची कल्पना यावी. अशा ठिकाणी भाड्याच्या घरांचा व्यवहार करणाऱ्या कार्यालयात एखादा मराठी तरुण किंवा तरुणी कामाला लागते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात किल्ल्यांचा जुडगा येतो आणि ग्राहकाला घर दाखवून आणण्यास सांगितले जाते. जपानीत या फेरीला 'नाइकेन' म्हणतात. ती कशी करावी, तिच्याआधी काय करावे आणि कोणत्या ठिकाणी आपण गप्प बसावे, हे नवख्याला क्रमाने कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावीशी वाटते. भिंतींचा रंग, खोलीचा आकार, नवे स्वयंपाकघर हे ग्राहकाला स्वतःच दिसते. त्याचे वर्णन करण्यासाठी कोणी सोबत जाण्याची गरज नसते. करारावर सही झाल्यानंतर जे बदलता येणार नाही आणि परक्या माणसाच्या नजरेतून जे सुटण्याची शक्यता आहे, ते दाखवणे हे आपले काम आहे.

आपला अधिकार कुठपर्यंत

जपानमध्ये घरे आणि जमिनी यांच्या व्यवहारातील मध्यस्थी १९५२ च्या कायद्याने बांधलेली आहे. कार्यालये एकाच प्रांतात असतील तर तिथल्या राज्यपालाचा आणि एकाहून अधिक प्रांतांत असतील तर केंद्रीय मंत्र्याचा परवाना घेतल्याशिवाय हा धंदा करता येत नाही, आणि प्रत्येक कार्यालयात या कामावरील दर पाच माणसांमागे किमान एक 'ताक्केनशि', म्हणजे राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झालेला व्यवहारतज्ज्ञ, असावा लागतो. घर दाखवण्यासाठी ही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नाही, म्हणूनच नवख्याला ते काम लगेच मिळते. मात्र करारापूर्वी घराविषयीच्या महत्त्वाच्या बाबी ग्राहकाला समजावून सांगण्याचा जो औपचारिक टप्पा असतो, ज्याला कार्यालयात थोडक्यात 'जूसेत्सु' म्हणतात, तो केवळ ताक्केनशिनेच, स्वतःचे ओळखपत्र दाखवून, पार पाडायचा असतो. ग्राहक मराठी आहे आणि त्याला जपानी येत नाही, म्हणून तो टप्पा आपणच उरकून टाकावा, असा मोह या कामात हमखास होतो. आपण तिथे दुभाषा म्हणून बसू शकतो, समजावणारा म्हणून नाही.

याच कायद्याच्या ४८ व्या कलमानुसार मालकाने दिलेले कर्मचारी-प्रमाणपत्र कामावर असताना जवळ बाळगणे आणि कोणी मागितल्यास दाखवणे बंधनकारक आहे. नावाचे कार्ड म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे; दोन्ही खिशात असावीत.

घर शोधण्याआधी विचारायच्या गोष्टी

कार्यालयात आलेल्या ग्राहकाकडून एक फॉर्म भरून घेतला जातो, पण त्यातील रकाने भरले म्हणजे ग्राहकाची गरज कळली असे होत नाही. भाड्याची मर्यादा विचारताना ती देखभाल शुल्कासह आहे की शुल्काविना, हे स्वतंत्रपणे विचारावे, कारण जाहिरातीत भाडे आणि इमारतीचे मासिक शुल्क वेगळे लिहिलेले असते आणि ग्राहक बहुधा पहिलाच आकडा लक्षात ठेवतो. राहायला येण्याची तारीख, एकूण माणसे, मुले असल्यास त्यांची वये आणि शाळा, रोज जाण्याचे स्थानक, एवढे झाल्यावर सध्याचे घर का सोडायचे आहे हेही विचारावे. वरच्या मजल्यावरील पावलांच्या आवाजाला कंटाळून निघालेल्या माणसाला स्वस्त लाकडी इमारतीतील घर दाखवणे म्हणजे दोघांचाही दिवस फुकट घालवणे होय.

त्यानंतर ग्राहकाची बाजू घरमालकाच्या नजरेने तपासावी. भाडे मासिक उत्पन्नाच्या सुमारे एकतृतीयांशापेक्षा अधिक नसावे हा तिथला रूढ ठोकताळा आहे. म्हणजे शुल्कासह १,३०,००० येनच्या घरासाठी वार्षिक उत्पन्न साधारण ४६,८०,००० येन असावे अशी अपेक्षा असते. निवास-पत्राची मुदत, नोकरीचा करार किंवा पगाराचा दाखला आणि जपानमध्ये राहणारा एखादा आपत्कालीन संपर्क, हे तयार आहे का ते याच वेळी पाहून घ्यावे. नुकत्याच उतरलेल्या ग्राहकाकडे जपानी फोन क्रमांक किंवा बँकखाते नसते आणि ते नसल्यामुळे अर्ज अडतो. ही अडचण घर पसंत पडल्यानंतर उघड झाली तर ग्राहकाला आपण फसवल्यासारखे वाटते.

परदेशी भाडेकरू नको असे म्हणणारे घरमालक आजही भेटतात. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाल्याचे सांगितले होते. ही वस्तुस्थिती ग्राहकापासून लपवू नये, पण तिचे ओझे घेऊन त्याला दारोदार फिरवूही नये. भेटीपूर्वीच घरमालकाच्या व्यवस्थापन संस्थेला फोनवर ग्राहकाचे राष्ट्रीयत्व, नोकरी, जपानी भाषेची पातळी आणि कुटुंबाची रचना सांगून अर्ज स्वीकारला जाईल का हे विचारून घ्यावे. फोनवर मिळालेला नकार आपल्यापुरता राहतो. घर पाहून, मुलाचा पलंग कुठे ठेवायचा हे ठरवून झाल्यानंतर मिळालेला नकार ग्राहकाच्या जिव्हारी लागतो. फोन करताना 'भारतीय आहेत, चालेल का' एवढेच विचारणे पुरेसे नाही. अमुक कंपनीत कायम नोकरी, जपानमध्ये इतकी वर्षे, कचऱ्याचे नियम माहीत आहेत, फोनवर जपानीत बोलू शकतात, ही माहिती एका दमात दिली तर पलीकडचा माणूस घरमालकाला पटवून देऊ शकतो.

'बुक्काकु' आणि किल्ली

घरमालकाच्या वतीने काम पाहणारी व्यवस्थापन संस्था एक आणि ग्राहक आणणारे कार्यालय दुसरे, अशी विभागणी बहुतेक व्यवहारांत असते. आपण दुसऱ्या बाजूला असतो. घरांची माहिती व्यावसायिकांच्या 'रेइन्झ' या संगणकीय जाळ्यावर आणि अशाच इतर खासगी प्रणालींवर मिळते, आणि प्रत्येक घराचा एक पानी तक्ता असतो, ज्याला 'मायसोकु' म्हणतात. नकाशा, भाडे, ठेव, बांधकामाचे वर्ष, अटी आणि अगदी तळाला बारीक अक्षरातील टीपा, असे त्याचे स्वरूप असते. नवख्याने तो तळापासून वाचावा. एकट्या माणसासाठीच, मुलांना परवानगी नाही, ठरावीक मुदतीचा करार, अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास दंड, असे सारे तिथेच दडलेले असते.

तक्त्यावर घर रिकामे दिसले तरी ते खरोखर रिकामे आहे का, याची खात्री व्यवस्थापन संस्थेला फोन करून किंवा प्रणालीवर पाहून करावी लागते. यालाच 'बुक्काकु' म्हणतात, आणि हे काम भेटीच्या दिवशी सकाळी पुन्हा करावे. जानेवारी ते मार्च या मोसमात, एप्रिलमध्ये शाळा आणि नोकऱ्या सुरू होत असल्याने, सकाळी उपलब्ध असलेले घर दुपारी गेलेले असते. गेलेले घर जाहिरातीत ठेवून त्या आमिषाने ग्राहकाला बोलावणे हा कायद्याने गुन्हा आहे. 'ते नुकतेच गेले, पण हे पाहा' हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे.

त्याच फोनवर आणखी चार गोष्टी विचाराव्यात : घर आत्ता पाहता येते की जुना भाडेकरू अजून राहतो आहे, किल्ली कुठे मिळेल, दुसऱ्या कोणाचा अर्ज आलेला आहे का, आणि साफसफाई झाली आहे का. किल्ली कधी संस्थेच्या कार्यालयातून नावाचे कार्ड देऊन आणावी लागते, कधी इमारतीतच, पाण्याच्या किंवा गॅसच्या मीटरच्या कप्प्यात आकड्यांच्या कुलूपपेटीत टांगलेली असते, आणि अलीकडे कधी फोनवर आलेल्या तात्पुरत्या क्रमांकाने कुलूप उघडते. या धंद्यातील अनेक कार्यालये बुधवारी, काही मंगळवारीही बंद असतात. कार्यालयातून आणावी लागणारी किल्ली त्या दिवशी मिळणार नाही हे गृहीत धरून भेटी ठरवाव्यात.

कुलूपपेटीचा क्रमांक ग्राहकाला कधीही सांगू नये आणि त्याच्या देखत मोठ्याने वाचूही नये. रिकाम्या घरांच्या पत्त्यावर फसवणुकीतून मिळवलेल्या पैशांची पार्सले मागवण्याचे प्रकार जपानमध्ये घडलेले आहेत. ग्राहक कितीही ओळखीचा, अगदी गावाकडचा असला, तरी 'मी संध्याकाळी एकटाच जाऊन परत पाहून येतो' याला नम्रपणे नकार द्यावा.

सोबत काय न्यावे

पाच मीटरची मोजपट्टी, विजेरी, ग्राहक आणि स्वतःसाठी स्लिपर्स, प्रत्येक घराचा तक्ता, नकाशा, होकायंत्र, जे फोनमध्येही चालते, आणि पुसण्यासाठी एक कापड. विजेरी विसरणारे पुष्कळ असतात. रिकाम्या घराचा मुख्य खटका पाडलेला असतो, आणि तो चढवला तरी खोल्यांमध्ये दिवे नसतात, कारण जपानमध्ये छताचा दिवा भाडेकरूने स्वतः आणून लावायचा असतो. छताला केवळ जोडणी असते. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येते, तेव्हा शक्य असेल तर उजेडातच भेट ठेवावी.

एका फेरीत तीन घरे पुरेत. सर्वांत चांगले घर कितव्या क्रमांकाला दाखवावे याविषयी जुन्या कर्मचाऱ्यांची आपापली शास्त्रे असतात, ती ऐकून घ्यावीत. माझ्या मते क्रम रस्त्यावरून ठरवावा, म्हणजे ग्राहकाची पायपीट कमी होते आणि शेवटच्या घरात तो थकलेल्या डोळ्यांनी शिरत नाही. गाडीने नेत असाल तर किमान एका घरापासून स्थानकापर्यंत ग्राहकाला चालवत न्यावे. जाहिरातीतील चालण्याची मिनिटे ८० मीटरला एक मिनिट या नियमाने मोजलेली असतात, आणि त्यात चढ, लाल दिवे किंवा फाटकावर थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. हातात लहान मूल असलेल्या आईसाठी 'नऊ मिनिटे' म्हणजे प्रत्यक्षात किती, हे तिने स्वतः चालूनच ठरवावे.

दारापासून आत

इमारतीच्या प्रवेशापाशी लगेच आत शिरू नये. कचऱ्याची जागा, सायकली लावण्याची जागा, पत्रपेट्या आणि सूचनाफलक हे चारही दाखवावेत. कचऱ्याची जागा स्वच्छ असेल तर व्यवस्थापन जागेवर आहे असे समजायला हरकत नाही. सूचनाफलकावर रात्रीच्या आवाजाबद्दल वा बाल्कनीतील धूम्रपानाबद्दल विनंती लावलेली असेल, तर त्या इमारतीत तक्रार झालेली आहे, हे जपानी न वाचता येणाऱ्या ग्राहकाला आपण वाचून दाखवायला हवे. ही एवढीशी प्रामाणिक सेवा कार्यालयाच्या कोणत्याही माहितीपत्रकाने होत नाही.

दार आपण उघडावे, आधी स्वतः आत जाऊन बूट काढून बाजूला ठेवावेत, ग्राहकाच्या स्लिपर्स आतल्या बाजूला तोंड करून मांडाव्यात, खटका चढवावा, पडदे असल्यास सरकवावेत आणि खिडकी उघडून मगच ग्राहकाला आत बोलवावे. बंद घरात सांडपाण्याच्या नळीतील पाणी सुकल्यामुळे गटाराचा वास येतो. हा घराचा दोष नसून नळ काही काळ न वापरल्याचा परिणाम असतो, हे आधीच सांगितले म्हणजे ग्राहक नाक मुरडत नाही. संडास वापरण्यास कोणालाही देऊ नये, कारण पाणी बहुधा बंद असते. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला वाटेत स्थानकावर थांबण्याची आठवण करावी.

आत आल्यावर पहिली पाच मिनिटे बोलू नये. जोडप्याला आपापसात मराठीत बोलू द्यावे, आणि आपल्याला मराठी येते हे त्यांना आधीच ठाऊक असल्याची खात्री असावी. नसेल तर तसे सांगावे, लपून ऐकू नये.

मग मोजमापे. धुलाई यंत्राच्या खालचा प्लॅस्टिकचा थाळा बहुधा ६४ सेंटिमीटर चौरस असतो, आणि जुन्या इमारतींत यंत्र बाल्कनीतच ठेवावे लागते. फ्रिजची जागा मोजताना मधल्या दरवाजाची रुंदीही मोजावी, कारण जागेत मावणारा फ्रिज दारातून आत येत नाही असे घडते. खोल्यांचे आकारमान 'जो' या मापात लिहिलेले असते. जाहिरातींच्या नियमांनुसार एक जो म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर, म्हणून सहा जोची खोली सुमारे ९.७ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०५ चौरस फूट भरते. चौरस फुटांत विचार करणाऱ्या आपल्या लोकांना हा हिशेब तिथल्या तिथे करून द्यावा. एक शयनगृह असलेल्या घरात दिवाणखाना, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून किमान आठ जो असतील तरच त्याला 'वन एलडीके' म्हणता येते. त्याहून लहान, पण किमान साडेचार जो असल्यास 'वन डीके'.

स्वयंपाकघरापाशी मराठी ग्राहक सर्वांत जास्त वेळ थांबतो आणि थांबूही द्यावा. तिथे चार प्रश्न असतात. शेगडी घरासोबत आहे की स्वतः आणायची, गॅसची आहे की विजेची, गॅस नळाचा आहे की सिलिंडरचा, आणि धूर ओढणारा पंखा हवा थेट बाहेर टाकतो की नाही. सिलिंडरचा गॅस पुष्कळदा नळाच्या गॅसपेक्षा महाग पडतो, आणि हा फरक दर महिन्याला भरावा लागत असल्याने भाड्यात दोन-तीन हजार येनच्या बचतीवर तो पाणी फिरवू शकतो. विजेच्या सपाट शेगडीवर फुलके थेट आचेवर फुगवता येत नाहीत, हे सांगावे. गॅसच्या शेगडीबाबतही एक बारकावा आहे : २००८ च्या ऑक्टोबरपासून घरगुती वापराच्या दोन किंवा अधिक बर्नरच्या प्रत्येक शेगडीला उष्णता ओळखणारे संवेदक बसवणे सक्तीचे झाले असून, रिकामा तवा फार तापला की ज्योत आपोआप मंद होते. भाकरीसाठी तवा कडकडीत तापवणाऱ्याला शेगडी बिघडली असे वाटते. ती बिघडलेली नसते. शेगडी स्वतः आणायची असल्यास गॅसचा प्रकार तक्त्यावर पाहून घ्यावा, कारण नळाच्या गॅसची शेगडी सिलिंडरवर चालत नाही. फोडणीच्या वासाबद्दल शेजारी किंवा घरमालक तक्रार करतात असे प्रसंग येतात, म्हणून पंख्याचे तोंड कोणाच्या खिडकीसमोर उघडते ते बाहेर जाऊन पाहावे. हे सांगताना ग्राहकाच्या खाण्यापिण्यावर शेरा मारल्यासारखे वाटू नये एवढी काळजी घ्यावी.

भिंतीवर बोटांनी हलकेच टकटक करून आवाज ऐकावा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये. इमारत लाकडी, पोलादी सांगाड्याची की काँक्रीटची, हे तक्त्यावर लिहिलेले असते. बांधकामाच्या वर्षाबाबत एक तारीख पाठ असावी : १ जून १९८१. त्या दिवसापासून भूकंपरोधक बांधणीचे नवे निकष लागू झाले. तारीख बांधकाम-परवानगीची मोजायची असते, इमारत पूर्ण झाल्याची नव्हे, म्हणून १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषांची असू शकते. मराठी ग्राहक भूकंपाविषयी विचारतोच; तेव्हा 'मजबूत आहे' असे न म्हणता परवानगीचे वर्ष पाहून सांगतो म्हणावे.

बाल्कनीत शेजारच्या घराकडील पातळ फळी दाखवावी. आगीच्या वेळी ती फोडून पलीकडे जायचे असते, म्हणून तिच्यापुढे कपाट किंवा कुंड्या ठेवता येत नाहीत. फरशीत खालच्या मजल्यावर उतरण्याची झडप असेल तर तिच्यावरही काही ठेवता येत नाही. फोनला सिग्नल मिळतो का ते प्रत्येक खोलीत उभे राहून पाहावे. खिडकी बंद करून आणि उघडून, दोन्ही वेळा मिनिटभर शांत राहून रस्त्याचा आणि रेल्वेचा आवाज ऐकावा.

पुराचा नकाशा

एदोगावाचा उल्लेख वर केला, त्याला आणखी एक कारण आहे. या विभागातील सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, आणि विभाग कार्यालयाने २०१९ मध्ये घरोघरी वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठा पूर आल्यास इथे थांबू नका, अशा अर्थाचे स्पष्ट वाक्य छापले होते. २०२० च्या ऑगस्टपासून करारापूर्वीच्या औपचारिक समजावणीत घराचे स्थान पूर-नकाशावर दाखवणे बंधनकारक झाले आहे. पण तो टप्पा येईपर्यंत ग्राहकाने मन पक्के केलेले असते. म्हणून दाखवायला नेतानाच नकाशा सोबत ठेवावा, पाणी किती वर येऊ शकते आणि घर कितव्या मजल्यावर आहे हे एकत्र सांगावे. भारतीय शाळा, किराणा आणि ओळखीची माणसे यांच्यासाठी तिथेच राहायचे असे बहुतेक कुटुंबे ठरवतात, आणि तो त्यांचा समजून घेतलेला निर्णय असतो.

काय बोलू नये

समोरच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहणार नाही, पुढच्या वर्षी भाडे वाढणार नाही, घरमालक नक्की होकार देईल, अशी भविष्याविषयीची ठाम विधाने मध्यस्थीच्या कायद्याने निषिद्ध आहेत. खोटे सांगणे जसे चुकीचे, तसेच महत्त्वाची गोष्ट माहीत असून न सांगणेही चुकीचे.

घरात पूर्वी कोणाचा मृत्यू झाला आहे का, हा प्रश्न विचारला जातो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये संबंधित मंत्रालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, नैसर्गिक मृत्यू किंवा घरातील साधा अपघात यांविषयी भाडेकरूला आपणहून सांगण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते, तर आत्महत्या वा खून अशा घटनांविषयी सुमारे तीन वर्षे सांगावे लागते. परंतु ग्राहकाने थेट विचारले, तर काळ कितीही लोटला असला तरी चौकशी करून उत्तर द्यावे लागते. 'माहीत नाही, व्यवस्थापन संस्थेला विचारून आज संध्याकाळपर्यंत सांगतो' हे उत्तर सर्वांत चांगले आणि सर्वांत कमी वापरले जाणारे आहे.

काही घरांवर घरमालकाकडून कार्यालयाला जाहिरात-खर्च म्हणून अधिक रक्कम मिळते, आणि अशी घरे आधी दाखवण्याचा दबाव नवख्यावर येतो. वरिष्ठांशी वाद घालण्याची गरज नाही; ग्राहकाच्या अटींत बसणारी घरे यादीत ठेवावीत आणि न बसणारे घर का घातले हे ग्राहकाने विचारल्यास सांगता येईल एवढाच निकष लावावा. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी भेटरक्कम), दलाली, कराराचे नूतनीकरण शुल्क आणि जामीनदार यांपैकी काहीच लागत नाही, आणि पूर्व टोकियोत भारतीय कुटुंबे तिथे पुष्कळ राहतात. त्याविषयी ग्राहकाने विचारले तर आपल्याला दलाली मिळणार नाही म्हणून विषय टाळू नये. आज यूआरकडे गेलेला ग्राहक पुढच्या महिन्यात आपल्या सहकाऱ्याला आपल्याकडे पाठवतो.

पुण्याहून पाहणारा ग्राहक

जपानमध्ये उतरण्याआधीच घर ठरवू पाहणारे ग्राहक व्हिडिओ कॉलवर घर पाहतात. पुण्यातील सकाळचे दहा म्हणजे टोकियोतील दुपारचा दीड. घरात ऊन येते का हे दाखवण्यासाठी ही वेळ दोन्हीकडे सोयीची. फोन आडवा धरावा, प्रवेशापासून न थांबता सावकाश चालावे, रुंद दाखवणारी लेन्स वापरू नये कारण तिच्यामुळे खोली मोठी भासते, आणि मोजपट्टी भिंतीला लावून आकडा कॅमेऱ्यासमोर वाचावा. खिडकीबाहेर काय आहे ते दाखवणे विसरू नये. प्रत्यक्ष भेटीत ग्राहक स्वतः पाहू शकतो असे डाग, ओरखडे आणि अरुंद जिना इथे आपणच दाखवावे लागतात.

निघताना आणि नंतर

खिडक्यांच्या कड्या लावाव्यात, खटका पाडावा, दिवे आणि नळ पाहावेत, दार ओढून कुलूप लागल्याची खात्री करावी, किल्ली होती तिथेच ठेवून कुलूपपेटीचे आकडे फिरवावेत, आणि कार्यालयातून आणलेली किल्ली त्याच दिवशी परत करावी. उघडी राहिलेली खिडकी आणि त्यानंतर आलेला पाऊस, यांमुळे व्यवस्थापन संस्था पुढच्या वेळी किल्ली देताना चार प्रश्न विचारते.

घर पसंत पडल्यास अर्जाआधी सुरुवातीच्या खर्चाचा कागद करून द्यावा. समजा भाडे १,२०,००० आणि शुल्क १०,००० येन आहे. ठेव म्हणजे शिकिकिन एक महिना १,२०,०००, परत न मिळणारी भेटरक्कम म्हणजे रेइकिन एक महिना १,२०,०००, दलाली करासह १,३२,०००, पहिल्या महिन्याचे १,३०,०००, भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क म्हणून भाडे आणि मासिक शुल्क मिळून होणाऱ्या रकमेच्या निम्मे धरल्यास ६५,०००, आगीचा विमा २०,००० आणि कुलूप बदलणे २२,००० असे धरले, तर एकूण ६,०९,००० येन होतात. भारतातून आलेल्या माणसाला रेइकिन पटत नाही, आणि ती पटवून देण्याचा प्रयत्नही करू नये. परत मिळणारे आणि न मिळणारे पैसे दोन वेगळ्या रकान्यांत मांडावेत, म्हणजे पुरे. राहत्या घरासाठी भाडेकरूकडून दलाली मूलतः अर्ध्या महिन्याची घ्यायची असते. काम स्वीकारतानाच त्याची संमती घेतली असेल तरच एक महिना, त्यावर कर, एवढी घेता येते. ती संमती कागदावर असावी आणि ग्राहकाला कळलेली असावी. टोकियोच्या परिसरात दर दोन वर्षांनी नूतनीकरण शुल्क लागते, तेही याच कागदावर लिहावे.

अर्ज म्हणजे करार नव्हे. करारापूर्वी ग्राहकाने माघार घेतली तर अर्जासोबत घेतलेली रक्कम परत करावीच लागते, आणि ती अडवून धरणे कायद्याविरुद्ध आहे. छाननीस काही दिवस लागतात. हमी देणारी कंपनी ग्राहकाला जपानीत फोन करते, हे त्याला आधीच सांगून कोणते प्रश्न येतील त्याचा सराव करून घ्यावा. अनोळखी क्रमांक म्हणून फोन न उचलल्यामुळे अर्ज रखडणे ही आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे.

या कामात राहायचे ठरल्यास ताक्केनशिची परीक्षा द्यावी. ती दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी होते, दोन तासांत पर्यायी उत्तरांचे ५० प्रश्न असतात, शुल्क ८,२०० येन आहे, राष्ट्रीयत्वाची अट नाही आणि प्रश्नपत्रिका जपानीतच असते. साधारण पाच-सहा जणांमागे एक जण उत्तीर्ण होतो. ५० पैकी २० प्रश्न मध्यस्थीच्या कायद्यावर असतात, म्हणजे प्रमाणपत्र, दलाली, आमिषाच्या जाहिराती आणि परत करायच्या रकमा यांच्यावर, ज्यांचा संबंध रोज घर दाखवताना येतो. अभ्यासाला सुरुवात त्याच भागापासून करावी.